कापलेली मेथी किती दिवस टिकते? पिशवी, गारवा आणि नाशिकची भाजी

आजचा विषय तुमच्या फ्रीजमध्ये आहे. निवडलेल्या मेथीचं पाकीट, सोललेला मटार, बारीक चिरलेला कोबी, सांबारसाठी कापलेल्या भाज्या. फोनवरून मागवलं, थोड्या वेळात दारात आलं. त्या रात्री कंटाळा केलात, दुसऱ्या दिवशी बाहेर जेवलात आणि तिसऱ्या दिवशी पाकीट उघडलं तर आत हिरवा बुळबुळीत चिखल. पैसे गेले, भाजी गेली, वर प्लॅस्टिक उरलं.

या विषयावर तुमचे बरेच मेसेज येत असतात. त्यातला एक दिंडोरी तालुक्यातल्या बचत गटातल्या ताईंचा आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: आमच्याकडे मेथी, कोथिंबीर, मटार, गाजर सगळं पिकतं. भाव पडला की जुडीला कुणी विचारत नाही. तीच भाजी निवडून, चिरून, पिशवीत भरून नाशिक शहरात विकली तर? गटातल्या बायका पिशवी सील करायचं मशीन घ्यायला कर्ज काढायचं म्हणतायत. कोणती पिशवी घ्यावी?

आता यात कर्जाचा प्रश्न आहे, त्यामुळे दोन वाक्यांत उत्तर देऊन चालणार नाही. आधी भाजी का खराब होते ते बघू, मग पिशवी नेमकं काय करते ते बघू आणि मग कर्जाकडे येऊ.

उत्पन्न बंद, खर्च चालू

शेतातून उपटलेली मेथी मेलेली नसते. ती श्वास घेत असते. हवेतला ऑक्सिजन घेते, स्वतःतली साखर जाळते आणि कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि उष्णता बाहेर टाकते. शेतात होती तेव्हा मुळांतून पाणी मिळत होतं, पानांत नवी साखर तयार होत होती. उपटल्यावर उत्पन्न बंद झालं, खर्च मात्र चालूच राहिला. शिल्लक संपेपर्यंत भाजी टिकणार, एवढा साधा हिशेब आहे.

हा खर्च प्रत्येक भाजीचा वेगळा. कांदा आणि बटाटा म्हणजे चिक्कू गिऱ्हाईक, अगदी कमी श्वास घेतात. मटार, मेथी, पालक, ब्रोकोली, मशरूम हे उधळे. एकाच तापमानाला ठेवले तर मटाराचा श्वास कांद्याच्या दहापटीहून जास्त असतो. म्हणून कांदा महिनोन्महिने राहतो आणि मटाराच्या शेंगा चार दिवसांत पिवळ्या पडायला लागतात.

आता त्या भाजीवर सुरी चालवा. भाजीच्या दृष्टीने ती जखम आहे. जखम भरून काढायला ती आणखी जोरात श्वास घेते. पेशी फुटतात, आतला रस बाहेर येतो. त्या रसातली काही द्रव्यं आणि एक विकर, ज्याला आपण एन्झाइम म्हणतो, हवेत एकमेकांना भेटतात आणि तो भाग तपकिरी पडतो. वांगं, बटाटा, केळफूल कापल्यावर घरी लगेच पाण्यात टाकतात ते यासाठीच. हवेशी संपर्क तोडायचा. केळफुलाला ताक लावतात, त्यातला आंबटपणा त्या एन्झाइमला थोपवतो. कारखान्यात हेच काम सायट्रिक आम्ल किंवा क जीवनसत्त्वाच्या सौम्य द्रावणाने होतं.

साल गेली की पाणी अडवणारं कुंपणही गेलं. सोललेल्या गाजराच्या तुकड्यांवर पांढरट थर चढलेला तुम्ही पाहिला असेल. लोकांना वाटतं बुरशी आहे. बहुतेक वेळा तो नुसता वाळलेला पृष्ठभाग असतो. आणि शेवटची गोष्ट, बाहेर आलेला तो रस म्हणजे जिवाणूंसाठी मांडलेलं ताट.

म्हणजे कापलेल्या भाजीला चार बाजूंनी धोका आहे: जोरात चाललेला श्वास, उडून जाणारं पाणी, काळं पडणं आणि जिवाणू. चांगली पिशवी पहिल्या तिघांना आवर घालते. चौथ्याचं ती फारसं काही करू शकत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नाशिकने तीन वेळा सोडवलेला प्रश्न

गंमत बघा, माल टिकवायचा प्रश्न नाशिक जिल्ह्याला नवा नाही. तीन पिकांसाठी, तीन वेगळ्या पद्धतींनी आपण तो सोडवलेला आहे.

पहिला कांदा. मार्च-एप्रिलमध्ये निघालेला उन्हाळी कांदा चाळीत भरला की सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत थोडाथोडा बाजारात येतो. चाळीत यंत्र काही नाही. जमिनीपासून उचललेला तळ, बाजूंना फटी आणि खेळती कोरडी हवा. कांद्याला कोरडेपणा मानवतो.

दुसरं लासलगाव. तिथे भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेलं 'कृषक' हे विकिरण केंद्र २००२ पासून आहे. गॅमा किरणांच्या अगदी कमी मात्रेने कांद्याला मोड येणं थांबतं. २००७ मध्ये भारतीय आंब्याला अमेरिकेचं दार पुन्हा उघडलं, तेव्हा तो आंबाही याच लासलगावातून किरणं घेऊन गेला. तिथे उद्देश वेगळा होता, किडीचा बंदोबस्त.

तिसरं द्राक्ष, आणि हे आपल्या विषयाच्या सगळ्यात जवळचं. निफाड-दिंडोरीचं द्राक्ष न्हावाशेव्यावरून जहाजाने युरोपला जातं. एरवीही हा प्रवास तीन-चार आठवड्यांचा. २०२४ मध्ये तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली, तेव्हा तो आणखी लांबला. तरीही घड तिकडे हिरव्या देठासकट पोचतात. कसे? सकाळच्या गारव्यात तोडणी. काही तासांच्या आत प्रीकूलिंग, म्हणजे थंड हवेचा झोत मारून फळाच्या आतली उष्णता काढून घेणं. मग शून्य अंशाच्या आसपास साठवण, थेट समुद्रापारपर्यंत. पेटीत प्लॅस्टिकचं अस्तर आणि वर तो कागद, ज्याला आपल्याकडे ग्रेप गार्ड म्हणतात. ओलाव्याने त्या कागदातून थोडाथोडा सल्फर डायऑक्साइड सुटतो आणि करड्या बुरशीला रोखतो.

मग हाच कागद मेथीच्या पाकिटात टाकला तर? अजिबात नको. गंधकाच्या या संयुगांनी दमेकऱ्यांना जोराचा त्रास होऊ शकतो. कच्च्या खायच्या भाज्या-फळांवर ती वापरायला अमेरिकेने १९८६ मध्येच बंदी घातली. भाजीसाठी द्राक्षाकडून कागद घ्यायचा नाही, पहिली पायरी घ्यायची: तोडल्यापासून काही तासांत गार करणं आणि ते गारपण मध्ये कुठेही तुटू न देणं.

याचा हिशेब सोपा आहे. तापमान १० अंशांनी वाढलं की भाजीचा श्वास साधारण दोन ते तीन पट होतो. ५ अंशांवरून ३५ अंशांवर गेलात, म्हणजे १० अंशांच्या तीन पायऱ्या चढलात. दोनपट धरलं तरी दोन गुणिले दोन गुणिले दोन, आठपट! म्हणजे ५ अंशांना आठ दिवस टिकणारं पाकीट एप्रिलच्या दुपारी गाडीवर ठेवलं तर एका दिवसाचं राहतं. नाशिकचा उन्हाळा आता ४० अंशांना टेकतो. जगातली सगळ्यात महाग पिशवी आणली तरी ती हा आठपटीचा हिशेब पुसू शकत नाही.

मग पिशवी नेमकं काय करते?

आपल्या आजूबाजूच्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो आणि कार्बन डायऑक्साइड जेमतेम ०.०४ टक्के. पाकिटात ऑक्सिजन २ ते ५ टक्क्यांवर आणला आणि कार्बन डायऑक्साइड काही टक्क्यांपर्यंत वाढू दिला, तर बऱ्याच भाज्यांचा श्वास मंदावतो. हिरवा रंग टिकतो, तपकिरी पडणं लांबतं. ही कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये किड आणि वेस्ट या दोघा शास्त्रज्ञांनी १९२० च्या दशकात सफरचंदांच्या कोठारातली हवा बदलून हे दाखवलं होतं. पुढे कोठाराऐवजी छोट्या पिशवीत तेच करता यायला लागलं. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या अखेरीस पिशवीबंद सॅलड घरोघरी पोचलं ते याच्या जोरावर.

हे करायच्या दोन पद्धती. एक म्हणजे मशीनने आतली हवा काढून ठरावीक मिश्रणाचा वायू भरायचा आणि सील करायचं. दुसरी स्वस्त: काही भरायचं नाही. भाजीच श्वास घेऊन आतला ऑक्सिजन कमी करते, आणि पिशवीची फिल्म बाहेरचा ऑक्सिजन हळूहळू आत सोडत राहते. भाजी जितका वापरते तितकाच फिल्म आत सोडत असेल तर गणित जमलं.

गणित चुकायच्या बाजू दोन. पिशवी फार मोकळी असेल, म्हणजे पंचने मोठी भोकं पाडलेली, तर आतली हवा बाहेरच्यासारखीच राहते. तेव्हा पिशवी फक्त पाणी उडणं कमी करते. आणि पिशवी फार घट्ट असेल तर ऑक्सिजन संपतो. भाजीचा जीव गुदमरतो, ती ऑक्सिजनविना साखर आंबवायला लागते, अल्कोहोल तयार होतं. पाकीट फुगतं, उघडल्यावर आंबूस वास येतो. अशी फुगलेली मटाराची पिशवी काही जणांना ताजी वाटते, कारण चिप्सचं पाकीट फुगलेलं असतं. पण चिप्स श्वास घेत नाहीत. तिथे नायट्रोजन मुद्दाम भरलेला असतो. भाजीचं पाकीट आपोआप टम्म फुगलं असेल तर ते खाऊ नका.

म्हणूनच चिप्सची चकचकीत, हवा अडवणारी फिल्म भाजीला चालत नाही. भाजीला साध्या पॉलिथिनसारखी किंवा पॉलिप्रोपिलिनची, थोडा श्वास जाऊ देणारी फिल्म लागते. मेथी, ब्रोकोलीसारख्या उधळ्या भाज्यांना तीही पुरत नाही. त्यांच्यासाठी लेझरने पाडलेल्या अतिसूक्ष्म छिद्रांची फिल्म असते, छिद्रं केसाच्या जाडीच्या आसपास. किती छिद्रं, ते भाजी कोणती, वजन किती आणि तापमान किती यावर ठरतं. म्हणून 'भाजीची पिशवी' असा एकच प्रकार नसतो. गाजरासाठी बरोबर बसलेली पिशवी मेथीला गुदमरवेल.

इथे एक मेख आहे, जी पिशवी विकणारा सहसा सांगत नाही. तापमान वाढलं की भाजीचा श्वास झपाट्याने वाढतो, पण फिल्ममधून आत येणारा ऑक्सिजन तितका वाढत नाही. छिद्रांच्या फिल्ममध्ये तर जवळजवळ वाढतच नाही. म्हणजे ५ अंशांसाठी नीट जुळवलेली पिशवी ३० अंशांना सापळा होते. गारवा तुटला तर महाग फिल्म साध्या भोकांच्या पिशवीपेक्षा वाईट ठरू शकते, कारण साधी पिशवी निदान गुदमरवत तरी नाही.

दुसरी मेख घामाची. थंड पाकीट गरम हवेत आलं आणि परत थंडीत गेलं की आतून थेंब धरतात. भाजीला दमट हवा हवी असते, ओली पानं नको असतात. दोन्हींत फरक आहे. दमट हवेत पान टवटवीत राहतं, थेंब बसला तिथून ते सडतं. बाजारात जुड्यांवर सारखं पाणी मारतात, त्याने जुडी तासभर छान दिसते आणि वजनही वाढतं, पण पॅक करायची असेल तर तीच जुडी आधी सडते.

चिरण्यापासून पाकिटापर्यंत

कुणाला हे खरंच करायचं असेल तर कामाचा क्रम सांगतो.

काढणी पहाटे. माल लगेच सावलीत आणि शक्य तितक्या लवकर गार जागी. शीतगृह नसेल तर दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने १९८० च्या दशकात विकसित केलेली शून्य ऊर्जा शीतकक्षाची पद्धत आहे. विटांच्या दोन भिंती, मध्ये वाळू, वाळू ओली ठेवायची, वर झाकण. माठात पाणी गार होतं तेच तत्त्व. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा १० ते १५ अंशांनी कमी राहू शकतं. वीज लागत नाही. पावसाळ्यात मात्र हवाच दमट असल्याने फारसा उपयोग नाही. आणि हा कक्ष न कापलेल्या भाजीसाठी, दुपारपर्यंत धरून ठेवायला. कापलेल्या भाजीला खरा फ्रीजच लागतो.

मग आधी एक धुणं, मातीचं. त्यानंतर निवडणं आणि कापणं. सुरी स्टीलची आणि धारदार. बोथट सुरी पेशी कापत नाही, चेंगरते, आणि चेंगरलेल्या जागी रस जास्त सुटतो. एकाच भाजीचे दोन वाटे दोन सुऱ्यांनी कापून ठेवा, तिसऱ्या दिवशी फरक डोळ्यांना दिसेल. विळीवर हात भराभर चालतो हे खरं, पण गंजलेलं पातं आणि लाकडी पाट नीट निर्जंतुक होत नाहीत.

कापल्यावर दुसरं धुणं, क्लोरीनच्या थंड पाण्यात. खाद्य उद्योगात ५० ते २०० पीपीएम क्लोरीन वापरतात. खाद्य दर्जाचं, ४ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट असेल तर १० लिटर पाण्यात २५ मिलिलिटर, म्हणजे १०० पीपीएम होतं. एक-दोन मिनिटं बुडवून मग पिण्याच्या स्वच्छ पाण्याने धुवायचं. पाणी गढूळ झालं की क्लोरीन त्या घाणीतच संपतो, म्हणून पाणी वरचेवर बदलायचं. तपासायच्या कागदी पट्ट्या मिळतात, त्या ठेवायच्या.

पुढची पायरी सगळे गडबडीत उरकतात: निथळणं. पानांवरचं पाणी पूर्ण जायला हवं. हाताने फिरवायची चाळणी, म्हणजे सॅलड स्पिनर, घ्या किंवा जाळीवर पंख्याखाली पसरा. मग पिशवी, सील, वजन, तारीख, आणि लगेच ५ अंशांच्या आत.

आणि विकायच्या आधी चाचणी. प्रत्येक भाजीची दहा-बारा पाकिटं करा. काही ५ अंशांना, काही १० ला, काही बाहेर. रोज एकेक उघडा. रंग, वास, तळाशी पाणी किती, वजन किती घटलं, वहीत लिहा. पालेभाजीचं वजन पाचेक टक्के घटलं की ती कोमेजलेली दिसायला लागते. ज्या दिवशी तुम्हाला स्वतःला ती विकत घ्यावीशी वाटणार नाही, त्याच्या दोन दिवस आधीची तारीख पाकिटावर टाका. ५ अंशांना नीट ठेवलेली कापलेली भाजी साधारण पाच ते आठ दिवस जाते, काही त्याहून थोड्या जास्त. पण तुमच्या गावचं पाणी, तुमची सुरी, तुमचा फ्रीज, यांचा आकडा तुमच्या वहीतूनच येणार.

टिकणं वेगळं, सुरक्षित असणं वेगळं

आता तो चौथा धोका, जिवाणू. २००६ मध्ये अमेरिकेत पिशवीबंद पालकातून ई. कोलाय जिवाणूच्या एका घातक प्रकाराची साथ पसरली. सुमारे दोनशे लोक आजारी पडले, किमान तीन जण दगावले. आणि ती पालेभाजी दिसायला ताजी होती. पिशवीने पान हिरवं ठेवलं, पण आधीच चिकटलेला जिवाणू पिशवीने मारला नाही. मारणारही नाही. लिस्टेरियासारखा जिवाणू तर फ्रीजच्या थंडीतही हळूहळू वाढतो. भाजी जास्त दिवस चांगली दिसते, म्हणजे त्याला वाढायलाही जास्त दिवस मिळतात. अगदी ऑक्सिजन नसलेल्या पिशवीत आणि उबेत आणखी घातक जिवाणूंचा धोका असतो. मशरूमच्या पॅकला छिद्रं ठेवतात त्यामागे हेही एक कारण आहे.

आपलं एक नशीब चांगलं. मेथी, कोबी, मटार आपण शिजवून खातो आणि शिजवताना बहुतेक जिवाणू मरतात. म्हणून नव्या गटाने शिजवायच्या भाज्यांपासून सुरुवात करावी. चिरलेली कोथिंबीर, कोशिंबिरीचा किसलेला गाजर, काकडी, या गोष्टी थेट तोंडात जातात. तिथे पाणी, हात, सुरी सगळं कडक लागतं. पाकिटावर 'शिजवून खा' लिहिणं आणि 'थेट खा' लिहिणं, यात जबाबदारीचा मोठा फरक आहे. एफएसएसएआयची नोंदणी तर दोन्हीला लागतेच.

कर्ज काढावं का?

आता ताईंच्या प्रश्नाकडे येतो. त्यांचं मूळ दुखणं आहे पडलेला भाव. आपण हे वर्षानुवर्षं पाहतोय. २०२३ च्या जुलैत शहरात टोमॅटो किलोला शंभरीच्या वर गेला होता आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत इथल्याच बाजारांत क्रेटला मजुरीही सुटेना. मेथी-कोथिंबिरीचं तर दर हंगामात होतं.

पण नीट बघा, कापून पॅक केलेली भाजी टिकते आठवडाभर. पडलेला भाव राहतो कित्येक आठवडे. म्हणजे मंदीतला माल धरून ठेवायला ही पिशवी उपयोगाची नाही. उलट कापल्यामुळे तो अख्ख्या भाजीपेक्षा लवकर जातो. मंदीतला माल धरायचा असेल तर वाळवणं किंवा गोठवणं. वाळवलेली मेथी, उकळत्या पाण्यातून काढून उणे १८ अंशांना गोठवलेला मटार, हे महिनोन्महिने राहतात. तो वेगळा धंदा, वेगळी यंत्रं.

मग कापलेल्या भाजीत आपण विकतो काय? निवडण्याचा वेळ. सिडकोत किंवा गंगापूर रोडला राहणारी, दोघं नोकरी करणारी जोडी मेथी महाग-स्वस्त आहे म्हणून पाकीट घेत नाही. अर्धा तास वाचतो म्हणून घेते. आणि हे गिऱ्हाईक मेथी वीस रुपये जुडी असतानाही येतं, दोन रुपये असतानाही. धंदा रोजच्या थोड्या, ठरलेल्या मालाचा आहे. भाव पडला म्हणून एका दिवसात पाचशे जुड्या चिरण्याचा नाही.

हिशेब मांडून बघा. समजा १० किलो मेथी २० रुपयांनी घेतली, २०० रुपये. देठ, माती, पिवळी पानं जाऊन समजा निम्मी उरली, ५ किलो. म्हणजे पान ४० रुपये किलो पडलं, मजुरी अजून बाकी आहे. त्यात निवडणाऱ्या बाईचे तास, पिशवी, वीज, गाडी आणि न विकली गेलेली पाकिटं धरा. मजुरी धरली नाही तर धंदा फायद्यात दिसतो आणि बायका फुकट राबतात. बचत गटांत हे फार होतं, म्हणून स्पष्ट बोलतोय.

आणखी एक. 'देशात चाळीस टक्के भाज्या सडतात' हे वाक्य मशीन विकणारे हमखास ऐकवतात. लुधियानाच्या सीफेट या केंद्रीय संस्थेच्या २०१५ च्या अभ्यासात भाज्यांचं काढणीनंतरचं नुकसान, पिकानुसार, साधारण ५ ते १२ टक्के निघालं. तेही कमी नाही, पण चाळीसही नाही. चाळीस टक्के वाचतील असं धरून कर्जाचा हप्ता ठरवू नका.

म्हणून माझं मत असं. पैसे लागतील त्या क्रमाने: आधी स्वच्छ पाणी आणि ओटा, मग फ्रीज किंवा काचेचा थंड कपाट-कूलर, मग बर्फाच्या पॅकसह थर्माकोलचे डबे, मग स्पिनर, आणि शेवटी सील करायचं मशीन, तेही हाताने दाबायचं साधं. वायू भरायचं मशीन आत्ता नको. दिंडोरी ते नाशिक तासाभराचं अंतर आहे. सकाळी चिरलेलं संध्याकाळी घरात पोचत असेल आणि परवा संपत असेल, तर मोजकी बारीक छिद्रं असलेली साधी पिशवी आणि अखंड गारवा एवढ्यावर काम भागतं. छोट्या उद्योगांना पीएमएफएमई योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान मिळत आलंय. ते सध्या कोणत्या अटींवर चालू आहे, हे तालुका कृषी कार्यालयात विचारूनच कागद करा.

सुरुवात सणांपासून करता येईल. जानेवारीत भोगीची भाजी, भाद्रपदात ऋषीची भाजी. या दोन्हींचं निवडून कापलेलं मिश्रण नाशिकच्या बाजारात लोक हौसेने घेतात. मागणी ठरलेली, तारीख ठरलेली, दोन दिवसांत सगळं संपतं. चाचणीसाठी याहून चांगली संधी नाही.

लांबची बाजारपेठ, म्हणजे मुंबई, ही पुढची पायरी. तिथे मोजून ठरवलेली फिल्म, रेफर गाडी, मोठा माल लागतो. एकट्या गटाचं ते काम नाही. पण दिंडोरी तालुक्यातच मोहाडीला सह्याद्री फार्म्स आहे, शेतकऱ्यांची स्वतःची कंपनी. द्राक्षात शीतगृहापासून पॅकिंगपर्यंतची साखळी शेतकऱ्यांनी एकत्र येऊन उभी केली. भाजीतही ते होईल, पण एकेकट्याने कर्ज काढून नाही.

आणि आपण ऐकणारे?

आपल्या हातात काय आहे? पाकीट घेताना तळाशी पाणी आहे का बघा, फुगलंय का बघा. आलं की ओट्यावर ठेवून फोन बघत बसू नका, फ्रीजमध्ये टाका, दारातल्या कप्प्यात नको, आत. कोथिंबीर आणली तर धुऊ नका. मुळं आणि सडकी पानं काढा, कोरड्या सुती फडक्यात किंवा कागदात गुंडाळून डब्यात ठेवा. धुवायची ती वापरताना. केळी, पिकलेले टोमॅटो, सफरचंद पालेभाजीशेजारी ठेवू नका, त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने पानं लवकर पिवळी पडतात.

प्लॅस्टिकबद्दलही बोलायला हवं. २०१८ मध्ये महाराष्ट्राने प्लॅस्टिकबंदी केली, तेव्हापासून हा वाद चालू आहे. मला विचाराल तर, जी भाजी तुम्ही आजच शिजवणार आहात तिला पिशवीची गरजच नाही. कोपऱ्यावरच्या मावशी निवडलेली मेथी मोजून डब्यात घालतात, डबा घेऊन जा. पिशवी तिथेच वापरावी जिथे ती खरोखर तीन-चार दिवस वाढवून देते. भाजी सडून गेली तर तिच्यात ओतलेलं पाणी, खत, मजुरी सगळंच वाया जातं, हेही तितकंच खरं.

तुमच्यापैकी कुणी हा धंदा करत असेल, तर तुमच्या वहीतले आकडे मला पाठवा. कोणती भाजी, किती अंशांना, किती दिवस. तुमची परवानगी असेल तर पुढच्या एखाद्या भागात ते सगळ्यांसमोर मांडू. दिंडोरीच्या ताईंना भाग प्रसिद्ध व्हायच्या आधीच उत्तर कळवलंय, कारण बँकेची तारीख आपल्या भागासाठी थांबत नाही.

भेटू पुढच्या आठवड्यात. तोवर फ्रीजमधलं ते मेथीचं पाकीट आजच संपवा.